मोठीचं नाव

१

इंद्रभानच्या भावकीत एक रीत होती. बिनलग्नाच्या गड्याला विधवेशी पाट लावायचा असला, की आधी त्याचं एक लग्न झालेलं असावं लागे. पाट म्हणजे दुसरेपणाचं लग्न. ते पहिल्यांदाच कसं करणार? आता ज्याला कुणी पोरगी दिली नाही म्हणूनच जो विधवेपर्यंत आला, त्यानं ही पहिली बायको आणायची कुठून? वाडवडिलांनी यावर तोड काढून ठेवली होती. त्याचं लग्न अंगठीशी लावायचं. हळद, मुंडावळ्या, अक्षता, सगळं रीतसर. मग ती अंगठी जन्मभर बोटात ठेवायची, आणि हरवली किंवा मोडली तर बायको गेल्यासारखं सुतक धरून तिचे दिवस करायचे. माणसं या रीतीवर पोटभर हसत आणि ती बिनचूक पाळत.

इंद्रभान मेडशीचा. तिशी गाठली होती, माणूस मनानं चांगला, पण एक पाय जरा ओढत चालायचा, आणि मुलीकडचे लोक आधी पायाकडेच बघायचे. शेवटी मंगरूळपीरच्या वाटेवरच्या पार्डीची प्रयाग ठरली. तिचा नवरा तापानं गेला होता आणि ती बरीच वर्षं भावाच्या घरी राहून त्याच्या शेतात राबत होती. इंद्रभानची आई रुपाबाई, तोंडानं फटकळ आणि आतून मऊ. ती म्हणाली, "अंगठी प्रयागनंच पसंत करावं. सवत आपल्या हातानं निवडली म्हंजे मंग भांडन नाही." अशा रीतीनं, लग्नाआधी एकमेकांशी धड बोलूही नये त्या काळात, ही दोघं बाजाराच्या दिवशी मालेगावला शालिग्राम सोनाराच्या दुकानात शेजारी शेजारी बसली. प्रयागचा भाऊ पुंजाजी तिला बैलगाडीतून घेऊन आला होता, पण गाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली म्हणून तिला दुकानाशी उतरवून तो लोहाराकडे गेला. तो तिथे बसला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

इंद्रभानला एक चांदीचं वळं आवडलं. जाड, गुळगुळीत, शेतकामाला टिकेल असं.

"हे नाही चालत," शालिग्राम म्हणाला.

"काहून? गोल तं हाये."

"गोल हाये, पन ते वळं हाये. ते वळं. तुमाले लग्न लावाचं हाये ना? जे 'ते' हाये ते नवरी कसं होईन, पाटील? 'ती' पाह्यजे. ती अंगठी."

प्रयाग हसली. परक्या पुरुषासमोर ती किती तरी वर्षांत हसली नव्हती, आणि हसल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं. इंद्रभान मात्र त्या हसण्याकडे बघतच राहिला. मग तिनं अंगठ्या चाळल्या. एक निवडली. चांदीचीच, वर लहानसं पाच पाकळ्यांचं फूल.

"याच्यात माती भरन," इंद्रभान म्हणाला.

"भरली तं मी धुईन."

"म्हंजे सवतीचे पाय तूच धुशीन?"

"मोठी हाये ना. धुवा लागन," ती म्हणाली. आपण थट्टा करतो आहोत आणि समोरचा माणूस तिला दाद देतो आहे, याचं तिला मनापासून सुख वाटलं.

शालिग्रामनं अंगठी इंद्रभानच्या बोटाच्या मापाला आणली. आणताना म्हणाला, "नाव ठरवून ठेवा. जोशी नवरीचं नाव इचारन. फक्त जित्या बाईचं नाव नोका ठेवू. उद्या अंगठी गेली तं त्या नावानं दिवस करा लागते."

इंद्रभाननं चार-दोन नावं सुचवली. एक त्याच्या मावशीचं निघालं, एक शेजारणीचं. प्रयाग खाली मान घालून बसली होती. तिच्या मनात एक नाव होतं. प्रयाग हे तिला पहिल्या सासरी मिळालेलं नाव. सोयरीक ठरवताना इकडे तेच सांगितलं गेलं होतं. माहेरी ती रंगू. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारा एक पुंजाजीच उरला होता, आणि आता ते अंगणही सुटणार होतं. पाटाच्या बाईला माहेरून काही द्यायची रीत नाही. ना भांडं, ना लुगडं. मग नाव तरी बरोबर न्यावं असं तिला वाटलं. त्या नव्या घरात कधी सणावाराला का होईना, ते कुणाच्या तोंडून कानावर पडेल.

"रंगू," ती म्हणाली.

"आमच्यात रंगू कोनी नाही बाप्पा," इंद्रभान खूश होऊन म्हणाला. "तुमच्या इकडं हाये काय?"

"मेडशीत नाही ना? मंग झालं," प्रयाग म्हणाली.

२

माघात अंगठीचं लग्न लागलं. प्रयागनं ते पाहिलं नाही. विधवेनं पाहू नये. नंतर रुपाबाईनं तिला सगळं रंगवून सांगितलं. पाटावर तांदळाची रास, तिच्यावर अंगठी, अंगठीला हळद लावली, एवढ्याशा चिंधीचं लुगडं नेसवलं. जोशीबुवांनी नाव विचारलं, इंद्रभाननं खणखणीत आवाजात सांगितलं, "रंगूबाई." सनई होती, जेवणावळ होती. "सकाळी माह्या पोराले हळद लागली अन् दुपारी तो एका बायकोचा दादला झाला," रुपाबाई हसत म्हणाली.

प्रयागचा पाट त्याच दिवशी अंधार पडल्यावर लागला. चार माणसं, एक दिवा, वाजंत्री नाही. मागच्या दारानं तिनं घरात पाऊल टाकलं. ही रीत तिला ठाऊक होती, तरी पुढच्या अंगणातल्या हिरव्या मांडवाकडे तिचं लक्ष गेलंच. तो मांडव रंगूचा होता.

पण घर चांगलं निघालं. सासू उठता बसता बोलायची पण तिच्या ताटात दुधाची साय वाढायची. नवरा शेतातून येताना हातात कधी बोरं, कधी हरभऱ्याचे टहाळ घेऊन यायचा. घरात थट्टेनं अंगठीला 'मोठी' म्हणत आणि प्रयागला 'धाकटी'. सणाला पहिला घास मोठीला दाखवायचा, नवं लुगडं आलं तर त्याचं टोक आधी मोठीला लावायचं. प्रयाग हे सगळं हौसेनं करी. संध्याकाळी इंद्रभान हातपाय धुवायला बसला की काडीनं त्या फुलातली माती काढी. आपल्याला दुसऱ्यांदा संसार मिळाला, तोही असा, या सुखाची तिला धास्तीच वाटे. नजर लागू नये म्हणून ती ते कुणाजवळ बोलत नसे.

३

चैत्रात एका पहाटे ती दळायला बसली आणि जातं हलकं लागलं.

जातं हलकं लागण्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. ज्यांनी रोज पायलीभर ज्वारी एकटीनं दळली आहे त्यांना विचारा. खुंट्याला लावलेला हात कुठे जोर लागतो आणि कुठे सुटतो ते झोपेतही ओळखतो. अर्धा फेरा आपला, आपल्याकडे ओढायचा. अर्धा फेरा ढकलायचा, तो जड. त्या दिवशी ढकलायचा अर्धा फेरा तिला करावाच लागला नाही. समोर कुणी बसून तो आपल्याकडे ओढून घेत असावं, तसा खुंटा जायचा आणि परत यायचा. दोघी दळत असल्या की येतो तो तसा आवाज, घरघर न तुटता चाललेली.

तिनं हात थांबवला. जातंही थांबलं. समोर भिंत होती आणि भिंतीशी रिकामी टोपली.

आठवडाभरापूर्वी छिन्नीनं जात्याला टाकी लावणारा येऊन गेला होता. दगडाला नवे टवके पडले म्हणजे जातं हलकं चालतंच. प्रयागनं स्वतःला हे सांगितलं आणि तिला ते पटलं. पीठही छान पडलं होतं. रुपाबाई म्हणाली, "आज लवकर आटपलं वं तुयं!" प्रयाग म्हणाली, "टाकीवाल्यानं चांगली टाकी लावली, आत्याबाई." मग तिला एक गोष्ट आठवली. टाकी लावल्यावर पहिल्या दिवशी जातं हलकं लागायला हवं होतं. पहिले सहा दिवस ते नेहमीसारखंच जड होतं. पण भाकरी थापताना हा विचार तिनं बाजूला सारला. हलकं काम कुणाला नको असतं?

४

वैशाखात एक दिवस इंद्रभान जेवताना म्हणाला, "मंग त्या बोडकीचं काय झालं? ते सांगता सांगताच राह्यलं."

"कोन्ती बोडकी?"

"अवं तुयी बकरी. कुत्र्यानं तिचा कान तोडला अन् तू तिले मांडीवर घेऊन कोठ्यात बसली, मायनं हाका मारल्या तरी आली नाही. जगली काय ते?"

प्रयागचा हात भाकरीवरच राहिला. "तुमाले हे कोनं सांगतलं?"

"घ्या! तूनंच. सकाळी दळता दळता बोलत राहतं ना तू. मी पडल्या पडल्या ऐकतो. किती वं बारीक आवाजात बोलतं, पोरीवानी."

तिला बकरी होती. होती ना? होती, असं तिला वाटलं. पण कान तुटल्याचं तिला आठवेना. गोठ्याचं आठवेना. बकरी काळी होती की तांबडी हे आठवायला ती चुलीपुढे बराच वेळ बसली, आणि जितकं खोदलं तितकं खाली काहीच लागेना. शेवटी तिनं मनाची समजूत घातली. हात चालू असला की तोंडही चालू राहतं, दळताना बाया ओव्या म्हणतात त्याही पुष्कळदा अर्ध्या झोपेत. आपण बोललो असू. आणि लहानपणचं माणूस विसरतंच, त्यात काय?

पण नंतर दर चार-आठ दिवसांनी असं काही यायला लागलं. इंद्रभान हसत विचारायचा, खरंच का तू भावाबरोबर विहिरीत घागर सोडलीस आणि दोर हातातून सुटला? खरंच का माय तुझ्या पदराला गुळाचा खडा बांधायची? दर वेळी ती "हो" म्हणायची. आणि दर वेळी, तो बोलेपर्यंत जे आपल्याजवळ होतं असं तिला वाटायचं, ते त्याच्या तोंडून बाहेर पडल्यावर तिच्याकडून नाहीसं व्हायचं. विहीर गेली. गूळ गेला. पहिल्या सासरचं मात्र एकूण एक आठवत होतं. तिथली खोली, नवऱ्याचा ताप, बांगड्या फोडल्या तो दगड, त्याच्यावर पडलेलं ऊन. तिच्याकडचं चांगलं तेवढं कुणी तरी वेचून नेत होतं.

आषाढात एका दुपारी पाऊस थांबला होता, अंगणात चिखल होता, आणि ती तूर निवडत बसली होती. तिला वाटलं, आईचा चेहरा तरी डोळ्यांपुढे आणावा. तिनं डोळे मिटले. आईचे हात आले, बांगड्या आल्या, डोक्यावरचा पदर आला. पदराच्या आत चेहरा आला नाही. तिथं फक्त पदराची सावली होती. ती रडली, अगदी लहान पोरीसारखी हमसून रडली, आणि सासूनं विचारलं तेव्हा डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

५

प्रयाग भोळी नव्हती. तिनं एक गोष्ट करून पाहायची ठरवली. दुसऱ्या दिवशी दळायला बसताना तिनं पदराचं टोक तोंडात धरलं, दातांत घट्ट, आणि दळण संपेपर्यंत ते सोडलं नाही. जातं हलकं होतं. तिच्या तोंडून शब्दच काय, हुंकारही निघाला नाही. पदर थुंकीनं ओला झाला होता.

जेवायला बसल्यावर ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आज चिंचेचं सांगतलं ते लय मजेचं होतं," इंद्रभान म्हणाला. "झाडावर बसून मीठ लावून खाल्ली अन् रातभर दात आंबले! पुंजाजीभाऊनं तं भाकरीच सोडली म्हनं!"

पार्डीच्या घरामागे चिंचेचं झाड होतं हे तिला कालपर्यंत माहीत होतं. आता घराची मागची बाजू तिला दिसेना. त्या बाजूला घर संपतच होतं आणि पलीकडे काही नव्हतं.

तो शेतात गेल्यावर ती रुपाबाईसमोर जाऊन बसली. रुपाबाई सुपानं ज्वारी पाखडत होती.

"आत्याबाई, माह्या हातून चुकी झाली. मोठीले जे नाव ठेवलं ना, ते माह्यं हाये."

"तुयं?"

"माहेरचं. पार्डीत मी रंगू होती."

सूप थांबलं. रुपाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ती ओरडेल, डोकं बडवून घेईल असं प्रयागला वाटलं होतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "काहून केलं वं असं?"

"मले वाटलं, ते नाव इथं असावं. कोनी तरी घ्यावं."

मग प्रयागनं सगळं सांगितलं. जात्याचं, बकरीचं, आईच्या चेहऱ्याचं. रुपाबाई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मले वाटे तूच गाऊन राह्यली. बारीक आवाज येते पहाटे. मी म्हनो, पोरगी खुशीत हाये."

"अंगठी मोडून टाकू काय?"

"येडी झाली काय! मोडली तं दिवस करा लागते. अन् ते दिवस कोनाचे होईन? रंगूचे. तुयेच." रुपाबाईनं सूप खाली ठेवलं. तिचं डोकं चालू लागलं होतं. घरात पेच पडला की ती नेहमी माणसं ओळखून तोड काढी, आणि आताही तिनं तसंच केलं. "हे पाह्य. मोठी कोन हाये? नवी नवरी हाये. लग्न झालं अन् एकदाही माहेरी गेली नाही. पोरीच्या जातीले घर आठवत नाही काय? म्हनूनच बकरी अन् चिंचा काढून राह्यली. तिले मान दे. ओटी भर अन् माहेरी लाव. एकदा पोरगी माहेरी रमली की इकडं कायले येते?"

प्रयागला एकदम हलकं वाटलं. मारायचं नाही, मोडायचं नाही, फक्त मानानं वाटेला लावायचं. इतकी सरळ गोष्ट आपल्याला सुचली नाही याचं तिला नवल वाटलं. माहेर कुणाचं, कोणतं, हे त्या दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

६

पेरणी-निंदणीच्या घाईत जमलं नाही; दसरा झाल्यावर बरा दिवस पाहून दुपारी ओटी भरली. इंद्रभानला नवस आहे एवढंच सांगितलं. तो हसत पाटावर बसला, दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"मी रांडमुंड, माह्या हातची ओटी चालत नाही," रुपाबाई म्हणाली. "तू भर. पाटाची असली तरी तुह्या कपाळी कुकू हाये." आणि ती उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

प्रयागनं अंगठीला हळदकुंकू लावलं. नवऱ्याच्या ओंजळीत तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, नारळ, वर खण. खण तिनं आपल्यासाठी आणलेल्यातला हिरवा निवडला होता. मग रुपाबाईनं शिकवलं होतं तसं म्हणाली, "मोठ्या बाई, ओटी भरली. सुखानं माहेरी जा."

खोलीत काही झालं नाही. बाहेर शेळी ओरडली, कुणी तरी विहिरीवर घागर आपटली. इंद्रभान म्हणाला, "अवं, हात जड झाले. किती वेळ धरू?" मोठीच्या पाया पडायचं राहिलं होतं. प्रयाग खाली वाकली आणि तिनं त्याच्या हाताशी, अंगठीपुढे, कपाळ टेकवलं.

तिच्या डोक्यावर कुणी तरी हात ठेवला. लहान तळवा, थंड, थोडा ओलसर. मोठ्या माणसासारखा आशीर्वाद द्यायला ठेवला, पण बोटं पोहोचली नाहीत आणि केसांतून जरा घसरली.

इंद्रभानचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांपुढे, ओंजळीतच होते. रुपाबाई उंबऱ्याशी होती, तिचे पाय तिथेच दिसत होते. प्रयाग वाकलेलीच राहिली. तो हात उचलला जाईपर्यंत तिला वर बघण्याचं धैर्य झालं नाही, आणि वर पाहिलं तेव्हा नवरा नारळ सावरत हसत होता.

"पदर पडला असन डोक्यावर," नंतर ती स्वतःशी म्हणाली. पदर खांद्यावर होता.

७

दुसऱ्या दिवशी जातं जड झालं. इतकं जड, की पहिल्या फेऱ्याला तिच्या खांद्यातून कळ गेली, आणि त्या कळेनं तिला आनंद झाला. ती मोठमोठ्यानं ओव्या म्हणत दळली. इंद्रभाननं जेवताना पिकाच्या गोष्टी काढल्या, कापूस वेचायला बाया मिळतील का त्याच्या. रुपाबाईनं सुनेकडे बघून डोळे मिचकावले. आईचा चेहरा अजून परत आला नव्हता, पण तो येईल, प्रयागला वाटलं. दिवाळी तोंडावर आली होती, पुंजाजी न्यायला येईल, घर समोर दिसलं की सगळं आपोआप आठवेल. तिनं त्याच्यासाठी करंज्या केल्या आणि वाटेकडे कान लावून बसली.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी आली. इंद्रभान शेतात होता, रुपाबाई शेजारी गेली होती. घुंगरांचा आवाज अंगणाशी थांबला आणि प्रयाग पिठाचे हात तसेच घेऊन धावत दारात आली. पुंजाजीच होता. तेच पागोटं, तेच जरा वाकून उतरणं. तिला भरून आलं. याला तरी ती विसरली नव्हती.

पुंजाजी अंगणात उभा राहिला आणि लहानपणापासून मारायचा तशी हाक मारली, "रंगे! अवं रंगे!"

प्रयागनं ओ द्यायला तोंड उघडलं.

"ओ, दादा!" तिच्या मागून, माजघरातून आवाज आला. बारीक, धावत येणारा.

पुंजाजीचं तोंड फुललं. त्याची नजर प्रयागच्या अंगावरून तिच्या खांद्यामागे गेली, मग खाली आली, परकरातल्या पोरीच्या उंचीवर, आणि तिथेच मायेनं थांबली. प्रयागच्या कमरेला काही तरी घासून गेलं. हिरव्या खणाचा वास आला, नवा, खळीचा. तिनं पाहायला मान वळवली तोवर अंगणातल्या ओल्या शेणावर एक टाच उमटत होती, आणि तिच्यापुढे दुसरी.

"दादा," प्रयाग म्हणाली. "दादा, मी—"

पुंजाजीनं तिच्याकडे पाहिलं. परक्या घरच्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं, जरा नजर खाली घेऊन. "तुमी धाकट्या काय? रामराम बाई. आमच्या रंगूले तुमी लय जीव लावता म्हनून ऐकलं. बरं वाटलं."

तिला ओरडून सांगायचं होतं, मी रंगू आहे. पण तो म्हणेल, खूण सांगा. आणि कोणती सांगणार? बकरीचा रंग? विहिरीतली घागर? ज्यानं ज्यानं ती त्याची बहीण ठरली असती, ते सगळं आता गाडीत चढत होतं. पुंजाजीनं हात दिला. गाडी मागच्या बाजूला थोडी दबली आणि बैलांच्या माना वर झाल्या.

प्रयाग आत गेली, करंज्या फडक्यात बांधल्या आणि आणून भावाच्या हातात दिल्या. घरातली बाई माहेरी निघाली की वाटेला खायला द्यावं लागतं. तिचे हात आपोआप ते करत होते.

"भाऊबीज झाली की आणून घालतो," पुंजाजी म्हणाला. मग धुरेवर बसता बसता, निघताना चार शब्द बोलावेत म्हणून त्यानं विचारलं, "बाई, तुमचं माहेर कोन्तं?"

प्रयागनं सांगायला तोंड उघडलं. गावाचं नाव जिभेवर असल्यासारखं वाटलं. मंगरूळपीरची वाट तिच्या डोळ्यांपुढे आली, वाटेवरची बाभळीची झाडं आली, आणि त्यांच्यापुढे वाट नुसतीच चालू राहिली. तिनं पुन्हा ओठ हलवले. पुंजाजी कासरा हातात धरून थांबला होता. चांगला माणूस होता तो, बाईमाणसाला बोलायला वेळ लागतो हे त्याला समजत होतं. तो बराच वेळ थांबला. मग लाजाळू आहेत, असं गाडीत मागे वळून कुणाला तरी हसत म्हणाला आणि त्यानं बैल हाकले.